'मेंटल'च्या बॅनरखाली कोण बसन?

मित्रांनो, आत्ताच यवतमाळच्या मीटिंगमधून आलो. डोकं अजून शांत नाही झालं.

माजी सैनिकांचं मानसिक आरोग्य जपणं अन् आत्महत्या रोखणं, यासाठी सरकारी फंड आलाय. कोणत्या तालुक्याले किती, हे ठरून राह्यलं होतं. मी व्हॉलंटियर म्हणून गेलतो.

मीटिंग घेणारे साहेब म्हणाले, "मुकुटबन गावातल्या मागच्या शिबिरात एकही फौजी आला नाही. तिथला काउन्सेलर यवतमाळलेच ठेवू. गर्दी इथं आहे."

मलेही लॉजिक बरोबर वाटलं.

तेवढ्यात मागून एक काकू उठल्या. मुकुटबनच्या, नवरा रिटायर्ड फौजी.

"आलते ना साहेब! समोरच्या टपरीवर चहा पीत बसलते सारे. तुमी बॅनर लावलं 'मेंटल हेल्थ'. ज्याले गाव मेजरसाब म्हणते, तो 'मेंटल'च्या खाली कायले बसन?"

एक जण खुदकन हसला. काकू त्याच्याकडं वळल्या.

"हास भाऊ, हास. आमच्या घरचं फवारणीचं औषध म्या शेजारणीकडं ठेवलं हाय. काहून ठेवलं, ते बी विचार."



साहेबांनी हळूच विचारलं, "मग बॅनरवर काय लिहू, ताई?"

"गुडघेदुखी लिहा. सारे येतीन. पण लवकर या, साहेब."

साहेब "पाहू" म्हणाले. निर्णय सोमवारी आहे.

कोणी आलं नाही म्हणून तिथला पैसा इकडं वळवायचा, की काहून आले नाही हे आधी विचारायचं? तुम्ही सांगा. सोमवारच्या आत सांगा, मी साहेबांले दाखवतो.