आईच्या वाट्याचे अरण्य

डोंगरकडा गावाहून निघालो त्या सकाळी आईने पडशीत भाकरी बांधून दिली आणि पाण्याने भरलेला भोपळा माझ्या खांद्याला अडकवला. “तिकडं पोचला की सांगावा धाड,” एवढेच म्हणाली. आदल्या दिवशी पंचांनी मला बोलावले होते. मी बाप्तिस्मा घेतला म्हणून आमचे घर वाळीत पडले. वस्तीच्या आडावर यापुढे आईला पोहरा सोडता येणार नव्हता. हे मी तिला सांगितले नाही. पुढे कित्येक वर्षे कोणालाच सांगितले नाही.

गावी राहिलेल्या आणि माझ्यासारख्या निघून आलेल्या माझ्या माणसांनो, नगरला मिशनच्या आवारात नळ होता. तोटी फिरवली की पाणी येई. पहिले काही दिवस तिच्याखाली हात धरताना मला आई आठवे. नंतर आठवेनाशी झाली.

उपदेशक झाल्यावर माझा आवडता विषय अरण्य हाच होता: पवित्र शास्त्रातले ते ओसाड, निर्जल अरण्य. मिसरातून सोडवलेल्या लोकांना देवाने थेट सुपीक देशात का नेले नाही? मान्ना हे आकाशातून पडणारे अन्न रोजच्या रोज वेचायला का लावले? तिथे माणसाची साठवण संपते आणि देवावरचा भरवसा तेवढा उरतो, असे मी सांगे. मनातल्या मनात, घरदार सोडून त्या वाटेने चाललेला मीच असे. लेकरासह घरातून काढून दिलेल्या दासी हागारेचा पाठ वाचताना माझा आवाज कातर होई. कातड्याच्या मसकीतले पाणी संपते, ती लेकराला झुडपाखाली ठेवून दूर बसते, रडते, आणि देव तिचे डोळे उघडतो तेव्हा तिला विहीर दिसते. पण पहाटे उठून तिला वाटेला लावणाऱ्या, त्या लेकराच्या बापाविषयी, अब्राहामाविषयी मी कधी बोललो नाही.

निजामाचे राज्य गेले, रस्ते मोकळे झाले, तेव्हा मी गावी गेलो. आईला ओसरीवर पाहून रडू येईल असे वाटले होते. काहीच आले नाही. दगडाला हात लावावा तसा मी तिच्या पायांना शिवलो.

तिने तक्रार न करता सगळे सांगितले. पहिल्या उन्हाळ्यात ती ओढ्याच्या वाळूत खड्डा उकरून वाटीवाटीने घागर भरायची. पुढे गावातल्या मुसलमान पिंजाऱ्याच्या विधवेने स्वतःच्या परसातल्या विहिरीवर तिला बोलावले. ऐकता ऐकता मी सवयीने हागारेची गोष्ट सांगू लागलो. आईने मध्येच थांबवले.

“म्हाईत हाय मला. पिंजारीन सांगती की. पर तिच्या गोष्टीतली बाई बसत न्हाई बाबा, पाण्यासाठी दोन टेकड्यांमधी पळत राहिली. बसून कसं भागंल? तुमच्या मिशनच्या सायबाला घागर भरायची तकलीफ नसंल.”

ती हसली. मला हसता आले नाही. अरण्यात मी कधी गेलोच नव्हतो. ते मी तिच्या दारात ठेवून निघालो होतो. आज कोणी घर म्हणजे काय विचारले, तर नळाचे आवार मला आठवत नाही, आमची ओसरीही नाही. आईने त्यानंतर जे विचारले ते मला जगात दुसरे कोणी विचारू शकत नाही, एवढेच घर आता उरले आहे.

“तुला म्हाईत व्हतं काय रं? आड बंद हुनार म्हून?”

“व्हय आई. म्हाईत व्हतं. तुला सांगितलं असतं तर माझा पाय निघाला नसता, म्हून न्हाई सांगितलं. माझं चुकलं. मला माफ कर.”