डाव्या मांडीचा खाटीक

“दिसाला दोन हजार मेंढरं, काका. अठरा वर्सं. आयर्लंडातलं एक मेंढरू माझ्या हातातनं सुटलं नसंल. आनि तुमी मलाच इचारता, बोकड कापाया येतो का?”

अमिनिएल मिंजा हे बोलला तेव्हा त्याचं सामान अजून अंगणातच पडलं होतं. नाताळाला डोंगरावरच्या आमच्या मचामे गावात सगळेच डोंगर चढून येतात, खातात, पितात आणि नव्या वर्षाला दार-एस-सलामच्या गाड्यांत कोंबून परत जातात. हा मात्र आयर्लंडच्या कत्तलखान्यातली नोकरी सोडून कायमचा आला होता. कुणाला पटेना. परतीचं तिकीट नाही म्हणून बिचारा खिसे उलटे करून दाखवत फिरत होता.

त्याला मटणाचं दुकान टाकायचं होतं, आणि चर्चच्या फाट्यावरची खोली होती न्देसारिओकाकांची. काकांनी अट घातली. कुळाचा नाताळचा बोकड कापायचा, ज्याचा वाटा त्याच्या घरी गेला पाहिजे आणि कुणी रुसता कामा नये. मग खोली. आमच्यात बोकड जिवंत असतानाच त्याचे मालक ठरलेले असतात. पाठ थोरल्याची, छाती आत्याची, मान जावयाची. एकदा छातीऐवजी बरगड्या गेल्या तर ते घर चार वर्षं मयतालासुद्धा आलं नाही.

नाताळच्या सकाळी चर्च सुटल्यावर सोललेला बोकड अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाला टांगला. चाळीस माणसं म्बेगे पीत गोल बसली. केळ्याची दारू पोटात गेली की आमच्यात प्रत्येक जण खाटीक होतो. अमिनिएलने तिकडचा पांढरा एप्रन घातला, रबरी बूट चढवले, डोक्याला जाळी लावली, सुरी परजली आणि डावी मांडी उतरवली. काय उतरवली! सुरी कुठे अडली नाही, हाडाला तंतू राहिला नाही. काकांनीसुद्धा म्बेगेचा तुंबा खाली ठेवला.

मग तो अर्धं पाऊल मागे सरला आणि उजवीकडे बघत उभा राहिला. बोकड तसाच लोंबत.

छातीची मालकीण न्देशीआत्या, तिने विचारलं, काय वाट बघतोस?

तो हळूच म्हणाला, “आत्या, तितं मेंढरं साखळीला टांगून फुडं सरकत्यात. डावी मांडी माझी. उजवी एका पोलंडवाल्याची. छातीपतुर मी कदी पोचलोच न्हाय.”

“मंग त्या पोलंडवाल्याला सांगावा धाड. आमी बसतो हितंच फुडल्या नाताळापतुर.”

हसून माणसं लोळली. काका हसले नाहीत. कुळाचा बोकड आजवर त्यांनीच कापलेला, पण दोन वर्षांपासून त्यांना सुरी धरवत नव्हती. मग बोकड दुसऱ्याकडून कापून घेत आणि कुणालाच धड जमत नसे. ते उठले, काठीच्या टोकाने सांधा दाखवला आणि शिव्या सुरू केल्या. एका सांध्याला एक शिवी, असा तो बोकड दुपारपर्यंत उतरला. आत्याने आपली छाती उलटीपालटी करून पाहिली, उंदराने कुरतडल्यासारखी आहे म्हणाली, पण केळीच्या पानात गुंडाळून घेऊन गेली. ती रुसली नाही, हे काकांनी नीट पाहिलं.

डाव्या मांडीचा बोलबाला संध्याकाळपर्यंत गावभर झाला. घरोघरची बोलावणी आली, तेवढी मांडी काढून जा म्हणून. अमिनिएल मांडी काढायचा आणि मागोमाग आलेले काका त्याला उरलेल्या बोकडाला जुंपायचे. आठवड्यात आठ बोकड झाले. शिव्या कमी होत गेल्या.

नवव्याला काका दगडावर बसून राहिले. पाठ सुटली, छाती सुटली, म्हातारा बोलेना. अमिनिएल घाबरून दोनदा वळला.

“माझ्याकडं काय बगतोस? सोमवारपासनं खोली तुजी. पर मानेचं गिऱ्हाईक आलं तर मला हाक मार. तितं तू अजून चाचपडतोस.”

अमिनिएलने होकार दिला आणि कपाळावरचा घाम दंडाला पुसला. समोर पानं पसरून सहाजण बरगड्यांसाठी खोळंबले होते. तो बोकडाकडे वळला.