खजुराच्या बियांनी फेऱ्या मोजणारे फोरमन

फोरमन धावायला निघताना डाव्या खिशात खजुराच्या दहा बिया टाकायचे. दुबईतल्या अल कुसैसच्या बागेतली एक फेरी झाली, की एक बी उजव्या खिशात. दहाही पलीकडे गेल्या की म्हणायचे, "खलास! चला साहेब, चहा." मी त्यांच्याच कंपनीतून मॅनेजर म्हणून निवृत्त होऊन मुलाकडे राहत होतो. ते साठीला टेकलेले, अजून साइटवर. त्यांच्या तोंडचं 'साहेब' काही सुटलं नाही.

मुलाने मला घड्याळ आणून दिलं. पावलं, ठोके, झोप, सगळं मोजणारं. त्याच सुमारास आमच्या मराठी ग्रुपने अ‍ॅपवर महिनाभराची शर्यत लावली. माझे गुडघे बाकावरून उठतानाच कुरकुरायचे. एका पहाटे मी म्हटलं, "फोरमन, आज हे तुम्ही घालता का?"

"म्हणजे धावायचं मी आणि घाम तुमचा?" ते हसले. पण मनगट पुढे केलं.

रोज बाकावर बसून मी पहिला येऊ लागलो. ग्रुपवर टाळ्या, अंगठे. नातू म्हणाला, "आजोबा, यू आर सो फास्ट!" फोरमन घड्याळाकडे बघतही नसत. "त्याला काय कळतंय? माझ्या बिया बरोबर आहेत."

त्याला कळत होतं. घड्याळ त्यांच्या हातावर, पण फोन माझ्याकडे. एके सकाळी फोन थरथरला: ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा. तेवढ्यात फोरमन समोरून मजेत हात हलवत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सांगितलं असतं तर त्यांचं धावणं थांबलं असतं, आणि शर्यतीचे पाच दिवस उरले होते. मी त्या सूचनाच बंद करून टाकल्या.

तिसऱ्या दिवशी सातव्या फेरीला ते वळणावरून आलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा ते पालथे पडले होते. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती येईपर्यंत मी काय केलं? त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सोडवून खिशात घातलं.

त्यांच्या उजव्या खिशात सहा बिया निघाल्या, डाव्या खिशात चार.

कुडाळहून वहिनींचा, फोरमनच्या बायकोचा, फोन आला. "साहेब, शेवटी तुम्ही जवळ होतात, एवढंच समाधान." मी "हो" म्हटलं.

वहिनी, अ‍ॅपवर त्या महिन्याचा विजेता अजून मीच आहे. त्या फेऱ्या त्यांच्या होत्या. तो इशाराही त्यांचाच होता. तो मी ठेवून घेतला.