अण्णांच्या वर्गातलं वाक्य

डोळा लागतोय, पण पुरता लागत नाही. दुपारचं ऊन पडद्यातून अंगावर येतंय आणि संध्याकाळच्या भाषणाची वाक्यं डोक्यात एकमेकांना ढकलतायत. शाळेच्या नव्या सभागृहाला माझ्या आजोबांचं, अण्णांचं नाव देणार आहेत. नात म्हणून मला बोलायचं आहे.

सकाळी तानूबाई माने भेटेपर्यंत भाषण पाठ होतं. तानूबाई कैकाडी समाजाच्या, नव्वदीला टेकलेल्या. इंग्रजांनी काही जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात डांबल्या होत्या. गावाबाहेरच्या तसल्याच एका सेटलमेंटमध्ये त्यांचं बालपण गेलं. अण्णा तिथले मास्तर. त्यांनी त्या पोरांना माणसांत आणलं, एवढंच आमच्या घरी सांगत. बाकीचं तानूबाईंनी सांगितलं, आवाज न चढवता. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या बराकीत ठेवत. घरची भाषा तोंडातून निघाली की छडी. आणि रोज प्रार्थनेनंतर अण्णा सगळ्यांकडून म्हणवून घेत, माझ्या रक्तात चोरी आहे, ती मी धुऊन काढीन.

कूस बदलते तर पलंगाच्या कडेला अण्णा बसलेत. मी कॉलेजात असताना ते गेले, पण कोट तोच, काखेतली छत्रीही तीच. माझ्या केसांवरून हात फिरवतात. तो हात मला अजून आवडतो, आणि त्याचाच त्रास होतो.

"भाषण झालं का तयार, नले?"

पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात जाते, तर ओट्याच्या जागी फळा आहे. फरशीवर मुलं मांडी घालून बसलीत. त्यांचे ओठ हलतायत, आवाज येत नाही. अण्णा माझ्याआधीच तिथे पोचलेत, चष्मा पुसतायत.

"तुम्हाला ते खरं वाटायचं?" मी विचारते.

ते बराच वेळ बोलतात. साहेब तसं सांगायचे, पुस्तकांत तसंच छापलेलं होतं, कवट्या मोजून सिद्ध केलंय म्हणायचे. मी छडी हळूच मारायचो, असंही म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

"इंग्रज तर गेले, अण्णा. मग?"

"मग काय. मी म्हणवून घेतच राहिलो. कुणी थांबा म्हणालं नाही." चष्मा डोळ्यांवर चढवून ते माझ्याकडे बघतात. "आणि साहेबानं आम्हाला काही नवीन शिकवलं नव्हतं, नले. ही माणसं दिसली की आमच्या घरात आधीपासूनच भांडी आत घेत. त्यानं फक्त कायदा केला."

मागची भिंत आता नाही. तिथे तार आहे, आणि तारेपलीकडे एक बाई कुणाला तरी हाका मारतेय. भाषा मला कळत नाही, पण ते नाव आहे एवढं कळतं. रांगेतली एक मुलगी उठते. अण्णा तिला खाली बस म्हणतात. मला गोष्टी सांगायचे त्याच मऊ आवाजात म्हणतात.

मी मुलीकडे निघते. ते माझं मनगट धरतात.

"तूही बस. सगळ्यांबरोबर म्हण."

माझं तोंड उघडायला लागतं. मी ते मिटून घेते, हात ओढते.

"मी संध्याकाळी हे सगळं सांगणार आहे, अण्णा."

"माझ्या नावाखाली उभी राहून?"

"हो."

"मग मला मास्तर कोण म्हणेल?"

त्यांचे डोळे भरलेत, पण पकड सुटत नाही. मुलगी आमच्या दोघांच्या मधून तारेकडे चालत जाते. मी सगळा जोर लावून हात हिसकावून घेते.

पंखा बंद आहे. वीज गेली असावी. मान घामानं चिंब झालीय. माझा नवरा विनायक दारात उभा राहून विचारतोय, निघायचं ना, रिक्षा बोलावू का. मी त्याला सांगते, आधी तानूबाईंच्या घरी जायचंय. त्यांना बोलायचं असेल तर माझ्याआधी त्या बोलतील. शाळेच्या सेक्रेटरींना तसं कळव. नसेल बोलायचं, तर त्यांना विचारून मी सांगेन. तो काहीतरी विचारणार असतो, तेवढ्यात त्याची नजर माझ्या हाताकडे जाते.

"हे काय झालं?"

उजव्या मनगटावर लाल वळ उठलेत. मी डावा हात त्यांवर ठेवून पाहते. माझीच बोटं बरोबर बसतात.