राखीव गडी

अंबरनाथच्या कबड्डी सामन्यात तो माझ्याशेजारी बसला होता, कारखान्याच्या संघातला राखीव चढाईपटू. बसल्या बसल्या त्याचे ओठ ‘कबड्डी, कबड्डी’ पुटपुटत होते.

“उल्हासनगरचा छोटा संघ कायम खेळवतो म्हणतोय, पण नोकरी टेम्पररी,” तो म्हणाला. “इथे पर्मनंट आहे, पण बाकावर.”

तेवढ्यात मुख्य चढाईपटूचा घोटा मुरगळला आणि याला आत बोलावलं. शेवटच्या चढाईत तिघांना अंगावर घेऊन त्याने मधली रेषा गाठली. सामना जिंकला. ओरडून माझा घसा बसला.

“आता तुम्हाला इथेच खेळवतील,” मी म्हणालो.

“त्याचा घोटा बरा होईपर्यंत,” तो धापा टाकत हसला. “मी उल्हासनगरला चाललो.”

पुढच्या मोसमात उल्हासनगरची पहिली चढाई त्यानेच केली. मी मुद्दाम बघायला गेलो होतो.