उलटा मास्क

आम्ही तपासणीसाठी नंबर लागायची वाट बघत होतो. समोरच्या बाकापाशी वंदनाताई एका नव्या मुलापुढे उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावरचा मास्क उलटा होता.

यकृत बदलल्यानंतर मास्क लावायचा म्हटलं की माझी मुक्ता आकांत करायची. आमच्यासारख्या घरांना धीर द्यायला येणाऱ्या या ताई तेव्हा मुद्दाम उलटा मास्क लावून यायच्या. "अहो ताई, असा नसतो!" म्हणत मुक्ता स्वतःचा मास्क लावून दाखवायची. ही युक्ती ताईंनी फक्त माझ्या लेकीसाठी शोधली, असं मी धरून चालले होते.

तो मुलगा हसला. त्याच्या आईने ताईंचा हात धरला, मी धरायचे तसाच, घट्ट. 'बाई, सोड, तो हात माझा आहे,' असं ओरडावंसं वाटलं मला. मुक्ता बरी व्हावी म्हणून देवाला किती विनवलं होतं! आता ती बरी आहे, तर ताईंची वाटणी मला सोसवत नाही.

तेवढ्यात त्यांनी आम्हाला पाहिलं. लगबगीने आल्या. "काय म्हणतेय आमची मुक्ता?"

येता येता त्यांनी मास्क सरळ करून घेतला होता.