चार पाकळ्यांचा दगड

दगड जमवणाऱ्या पोरीच्या घरात दगडांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. अंबरनाथच्या आमच्या फॅक्टरी कॉलनीत माझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा फेमस होता. हे सगळे किस्से त्यातल्या एकाच दगडाचे.

तो मला चौथीत असताना सापडला. बाबांच्या फॅक्टरीत सौराष्ट्रातून चुनखडीचे ट्रक यायचे. गेटबाहेर सांडलेल्या ढिगात हा पडला होता. लिंबाएवढा, फुगीर, पाठीवर चार पाकळ्यांचं फूल. आईने पाहिला आणि चार हातांचा विष्णू म्हणून थेट देव्हाऱ्यात नेला. मी रडायला लागले, तर म्हणाली, "तुझाच आहे गं. फक्त राहायला इकडे आलाय."

*

बाबांना वाटायचं, कुणीतरी कोरलाय. खात्री करायला ते मला उल्हासनगरला घेऊन गेले. तिथे त्यांच्या ओळखीच्या लछूकाकांचं खड्यांचं दुकान होतं. काकांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि दगड असली आहे म्हणाले. बाबांनी विचारलं, कशावरून?

"साहब, हम नकली बनाते, तो इससे अच्छा बनाते!"

*

बारावीनंतर मला जिऑलॉजी घ्यायचं होतं. बाबांचा हट्ट बी.कॉम.चा. मुलीने डोंगर तुडवून करायचं काय, म्हणायचे. मी दगड रुमालात बांधला आणि कॉलेजात जिऑलॉजीच्या सरांना नेऊन दाखवला. पाकळ्यांमधल्या लाल थरावर त्यांनी पाच मिनिटं तर्क लढवले. हेमॅटाइट असेल, लोहाचा अंश असेल. शेवटी मला राहवेना.

"सर, ते कुंकू आहे."

मग त्यांनी ब्रशने दगड साफ केला आणि बघता बघता खुर्चीतून उठले. हा समुद्रातल्या एका काटेरी जीवाचा जीवाश्म होता, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा. "याला पाच पाकळ्या असतात, नेहमी पाच. चारवाला मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय," म्हणाले. अ‍ॅडमिशन कुठे घेतेस, असं त्यांनी विचारलं. मी बी.कॉम. म्हटल्यावर त्यांनी आमच्या घरचा पत्ता लिहून घेतला.

*

रविवारी सर खरंच अंबरनाथला आले. बाबांनी एकच विचारलं, पोरीला नोकरी लागेल का? धरणं बांधणारे, तेल शोधणारे, विहिरी खणणारे, सगळ्यांना ही माणसं लागतात, असं सरांनी समजावलं. चहा संपायच्या आत बाबांनी फॉर्मवर सही केली.

मग सर आईकडे वळले आणि जरा चाचरतच त्यांनी कॉलेजच्या म्युझियमसाठी दगड मागितला. आईने देव्हाऱ्याकडे पाहत विचारलं,

"हा समुद्रातला ना?"

सर हो म्हणाले.

"उद्याची पूजा होऊ दे. मग ही आणून देईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं, तर आईने ताम्हनात पाणी घेतलं होतं. तिने त्यात चिमूटभर मीठ टाकलं, बोटाने ढवळलं, चाखून पाहिलं. मग आणखी एक चिमूट टाकली आणि दगड अलगद आत ठेवला.